जुनी वस्तू ऑनलाइन विकताना: शुल्क कुठे कापलं जातं, पैसे कुठे अडकतात

जुनी वस्तू विकायला काढली की मी आधी फोटो काढत नाही. ज्या साइटवर जाहिरात टाकायची तिचं शुल्काचं पान उघडतो आणि एकच गोष्ट शोधतो: खरेदीदाराचे पैसे या साइटच्या हातून जातात का? उत्तर मिळालं की पुढचा निम्मा गोंधळ आपोआप सुटतो.

माझ्या हिशेबी या साइटी दोन जातीच्या. एक नुसता फळा. त्यावर जाहिरात लावायची, गिऱ्हाईक आपण शोधायचं, पैसे आपण घ्यायचे. साइटचा व्यवहाराशी संबंध नाही. दुसरी अडत्या. खरेदीदार पैसे साइटकडे भरतो, ती आपली अडत कापून उरलेले आपल्याला देते. क्रेगलिस्ट ही अमेरिकेतली जाहिरातींची साइट, हा सरळ फळा आहे. तिथे घरगुती वस्तूंच्या बहुतेक जाहिराती फुकट असतात, आणि आम्ही पैसे हाताळत नाही, व्यवहाराची हमी देत नाही, ‘खरेदीदार संरक्षण’ देत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे ‘क्रेगलिस्टने तुमचे पैसे राखून ठेवले आहेत’ असा निरोप आला तर तो वाचून संपवायचीही गरज नाही. ईबे अडत्या आहे. मुख्यतः जुने कपडे विकायची व्हिंटेड ही साइटही अडत्याच, पण तिथे विक्रेत्याकडून विक्रीचं शुल्क घेत नाहीत, खरेदीदाराकडून संरक्षण शुल्क घेतात. घोटाळा होतो तो फेसबुक मार्केटप्लेससारख्या ठिकाणी, कारण तिथे दोन्ही रूपं आहेत. भेटून वस्तू दिली तर फळा, आणि जिथे पार्सलने पाठवून साइटवरच पैसे घेण्याची सोय आहे तिथे अडत्या. ॲप एकच असतं, त्यामुळे ‘मागच्या वेळी काही कापलं नव्हतं, या वेळी कसं कापलं?’ हा प्रश्न पडतो.

जुन्या माहितीवर विसंबू नये. ब्रिटनमध्ये ईबेने खासगी विक्रेत्यांचं विक्री शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलं आणि नंतर खरेदीदाराच्या बाजूने शुल्क लावलं. सगळ्याच देशांत तसं नाही. कंपनी एकच, नियम दोन. दर विक्रीला पान नव्याने वाचायचं.

फळ्यावर पैसे जातात ते जाहिरात टाकताना. ठरावीक काळात ठरावीक संख्येपर्यंत जाहिराती फुकट आणि पुढच्या विकतच्या, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. हे पैसे वस्तू विकली गेली नाही तरी परत येत नाहीत. ‘जाहिरात वर आणा’, ‘ठळक करा’ ही बटणंही याच खात्यातली. अडत्याकडच्या प्रसिद्धीचे दोन प्रकार नीट ओळखावेत. एकात विक्री झाली तरच टक्केवारी कापतात, दुसऱ्यात प्रत्येक क्लिकला पैसे जातात, मग ती माणसं नुसती बघून का गेली असेनात. एकुलती एक जुनी वस्तू विकणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक: जाहिरातीची मुदत संपल्यावर ‘आपोआप नूतनीकरण’ ही खूण बऱ्याचदा आधीपासूनच लावलेली असते. ती जाहिरात टाकतानाच काढायची.

आता अडत्याचा हिशेब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पद्धत खरी आहे. वस्तूची किंमत १,०००, पार्सलसाठी खरेदीदाराकडून घेतले १५०, विक्री शुल्क १२ टक्के आणि दर ऑर्डरमागे ठरावीक १०. बहुतेक जण मनात असा हिशेब करतात: हजाराचे १२ टक्के १२०, वर १०, म्हणजे १,००० मधले ८७० आपले, पार्सलचे १५० पार्सलला जातील. प्रत्यक्षात शुल्क एकूण रकमेवर लागतं, पार्सलखर्च धरून. ईबेवर तर खरेदीदाराने भरलेला विक्रीकरही त्या एकूण रकमेत मोजतात. म्हणजे १,१५० चे १२ टक्के १३८, अधिक १०, मिळून १४८. उरले १,००२. त्यातून कुरिअरला १५० दिले की हातात ८५२. हे १८ कुठे गेले म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. ते पार्सलच्या १५० वरचे १२ टक्के आहेत. ‘पार्सल मोफत’ लिहून तो खर्च किमतीत मिसळला तरी शुल्क तेवढंच बसतं, कारण साइट एकूण रक्कमच बघते.

उलट हिशेब करताना आणखी एक चूक हमखास होते. हातात १,००० हवेत आणि शुल्क १२ टक्के, म्हणून किंमत १,१२० लावली, तर १,१२० चे १२ टक्के म्हणजे १३४.४० कापले जातात आणि हातात ९८५.६० येतात. टक्के मिळवायचे नसतात, भागायचं असतं: हवी ती रक्कम अधिक ठरावीक शुल्क, भागिले ०.८८ (शंभरातून १२ गेले की उरतात ते ८८). इथे ठरावीक १० धरले तर १,०१० भागिले ०.८८, म्हणजे साधारण १,१४८. घासाघीस होणारच, म्हणून जाहिरातीत याच्याही वरचा भाव टाकतो. पण ‘फायनल किती?’ असं कुणी विचारलं की उतरण्याची शेवटची पायरी हीच.

पार्सलच्या वजनातही पैसे जातात आणि ते पंधरवड्याने कळतं. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतं. आकारमानाचं वजन काढायची नेहमीची रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ५० बाय ४० बाय ३० चा खोका झाला ६०,०००, म्हणजे १२ किलो. आत चार किलोचा स्पीकर असला तरी बिल १२ किलोचं. जाहिरातीत ४ किलो लिहून साइटवरूनच कुरिअरचं लेबल विकत घेतलं असेल तर कुरिअरच्या केंद्रात पुन्हा मोजमाप होतं आणि फरकाची रक्कम नंतर आपल्या खात्यातून वळती होते. म्हणून मी वस्तू आधी खोक्यात बांधतो, टेपने तिन्ही बाजू मोजतो, काट्यावर ठेवतो आणि मगच जाहिरात लिहितो. खोक्याची फुगलेली बाजूही मोजतात. मधे फुगवटा आला की दोन सेंटिमीटर सहज वाढतात.

फळ्यावरचा व्यवहार म्हणजे पैसे थेट आपल्याकडे. इथे माझा एकच प्रश्न: पैसे आत्ता कुणाकडे आहेत आणि ते मागे फिरू शकतात का? रोख हातात आली की प्रश्न मिटला. चेकचं तसं नाही. चेक भरल्यावर खात्यात रक्कम दिसते, काही ठिकाणी काढताही येते, पण चेक खोटा निघाला तर बँक ती रक्कम नंतर परत ओढून घेते. ‘जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे टेम्पोवाल्याला द्या’ ही सगळी चाल याच मधल्या दिवसांवर उभी असते. टेम्पोवाल्याला गेलेले पैसे आपले खरे. चेकचे पैसे कधीच नव्हते.

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारे त्याने थांबत नाहीत. स्क्रीनशॉट हा पुरावा धरायचा नाही. हुबेहूब यशस्वी व्यवहाराचा पडदा दाखवणारी खोटी ॲप आहेत. मी खरेदीदारासमोरच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्यातली नोंद उघडतो आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक जुळवतो. एसएमएसवरही थांबत नाही. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून ‘खात्यात इतके जमा’ असा मेसेज आला तर तो बँकेचा नाही. मागोमाग फोन येतो, ‘चुकून एक शून्य जास्त पडला, वरचे परत करा ना’. उत्तर ठरलेलं असावं: तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक माझ्या बँकेशी बोलेल. पैसे खरोखर चुकून आले असतील तर हाच रस्ता दोघांच्याही सोयीचा.

पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेत दोन मार्ग आहेत: मित्र-नातेवाईक आणि वस्तू-सेवा. पहिल्यात खरेदीदाराला संरक्षण नाही, म्हणून जाणता खरेदीदार दुसराच निवडतो आणि शुल्क आपल्याला बसतं. त्याला पहिल्या मार्गाने पाठवायला लावणं नियमाविरुद्ध आहे. त्यापेक्षा शुल्क किमतीत धरावं. वस्तू-सेवामध्ये खरेदीदार १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. वस्तू पोचलीच नाही असं तो म्हणाला तर आपल्याला वाचवतं ते ट्रॅकिंग, आणि तेही व्यवहाराच्या तपशिलात दिलेल्या पत्त्यावर पाठवलं असेल तरच. म्हणून ‘पेपाल करतो, माझा माणूस येऊन घेऊन जाईल’ हा प्रस्ताव मी नाकारतो. हातोहात दिलेल्या वस्तूला डिलिव्हरीचा पुरावा कुठून आणणार? भेटून द्यायची असेल तर रोख, नाहीतर मागे न फिरणारं पेमेंट. आणि पैसे परत करायची वेळ आली तर सुरुवातीला कापलेलं शुल्क पेपाल परत देत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

पैसे पोचवणाऱ्या कंपनीच्या नावाने येणारा खोटा निरोप जवळून बघण्यासारखा असतो. त्याचा ढाचा साधारण असा: ‘तुमच्या खात्यावर रक्कम जमा झाली आहे. तुमचं खातं व्यक्तिगत असल्यामुळे ती रोखून ठेवली आहे. खातं बिझनेस करण्यासाठी खरेदीदाराने जादा रक्कम भरली आहे. ती त्याला परत करा, लगेच पूर्ण रक्कम सुटेल.’ पहिल्या वाक्यात जमा, दुसऱ्यात रोखलेली. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. तिसरं वाक्य तर गमतीचं आहे: आपल्या खात्याचा प्रकार बदलायला खरेदीदार पैसे कशाला भरेल? चौथ्यात खरी मागणी येते. पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं दिसतं, पण नावावर बोट ठेवून पत्ता उघडला की मागे फुकटचा ईमेल पत्ता किंवा एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं डोमेन निघतं. ईमेलमधली लिंक दाबायची नाही. ॲप स्वतः उघडायचं. तिथे रक्कम नाही म्हणजे ती कुठेच नाही.

याचीच दुसरी आवृत्ती म्हणजे ‘पैसे स्वीकारा’ म्हणणारी लिंक. पान साइटच्या पानासारखंच दिसतं आणि कार्डाचा नंबर, मुदत, कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे मागतं. ते तीन आकडे कार्डावरून पैसे काढायला लागतात, जमा करायला नाहीत. ‘तुम्ही खरे आहात याची खात्री करतो, आलेला सहा आकडी कोड सांगा’ ही मागणीही तशीच. तो कोड खरेदीदाराचा नसतो. तुमच्या नंबरवर कुणीतरी एखादं खातं उघडत असतं.

अडत्याकडून पैसे बँकेत येतानाही थांबे असतात. आधी ‘प्रलंबित’, मग ‘उपलब्ध’, मग बँकेकडे रवाना. प्रलंबित म्हणजे पैसे अडत्याकडे आहेत पण अजून आपले नाहीत. व्हिंटेडवर पार्सल पोचल्यावर खरेदीदाराला तक्रारीसाठी दोन दिवस असतात, तोवर रक्कम सुटत नाही. पेपाल नव्या विक्रेत्याची रक्कम २१ दिवसांपर्यंत रोखू शकतं. ट्रॅकिंग क्रमांक भरला तर ती बऱ्याचदा लवकर सुटते. याउपर पैसे अडले असतील तर कारण बहुधा नाव असतं. बँक खात्यावर पूर्ण नाव, साइटवर टोपणनाव किंवा आडनाव आधी, आणि पडताळणी अडकते. पहिल्या विक्रीच्या आधीच ओळखपत्र आणि बँक खातं जोडून ठेवलं की ही रखडपट्टी वाचते. आपल्या खात्याऐवजी घरातल्या दुसऱ्याचं खातं जोडलं तरी असंच होतं.

विक्री झाली की त्याच दिवशी जाहिरात काढतो, नाहीतर ‘आपोआप नूतनीकरण’ची खूण काढायची राहून गेली असेल तर मुदत संपल्यावर तीच जाहिरात पुन्हा विकत लागते. वस्तूच्या सीरियल नंबरचा फोटो, बांधतानाचा व्हिडिओ, काट्यावरच्या खोक्याचा फोटो आणि कुरिअरची पावती एका फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डरच्या नावात तक्रारीची मुदत संपण्याची तारीख लिहितो. पेपालचा व्यवहार असेल तर पेमेंटपासून १८० वा दिवस. त्यानंतर फोल्डर पुसतो.