पत्त्यांच्या डावात ऐकलेली वालून

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या डोर द्वीपकल्पावर वालून या, दक्षिण बेल्जियममधल्या, फ्रेंचशी नाते असलेल्या भाषेचे ध्वनिमुद्रण करण्याच्या कामात एका शेतघरात गेलेली दुपार माझ्या मनात अजून ताजी आहे. 1853 पासून बेल्जियमच्या ब्राबांत भागातून आलेल्या शेतकरी कुटुंबांनी इथे जंगल तोडून ब्रुसेल्स, नामूर, रोझिएर अशी गावे वसवली, 1871 च्या भीषण वणव्यात घरेदारे जळाल्यावर ती पुन्हा उभी केली, आणि गोठ्यात, स्वयंपाकघरात, बांधावरच्या गप्पांत आपली बोली पिढ्यानपिढ्या जपली.

घरचे आजोबा नव्वदीला टेकलेले होते. लहानपणीची एखादी प्रार्थना म्हणा, असे मी सुचवले, तर त्यांनी ती फ्रेंचमध्ये म्हटली, कारण चर्चमध्ये चालायची ती फ्रेंच. शाळेबद्दल विचारले, तर इंग्रजीत सांगू लागले, कारण तिथे वालून शब्द तोंडातून निघाला की शिक्षा ठरलेली असे. वालून लिहायला-वाचायला त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. माझी प्रश्नावली अशी अडखळत असताना शेजारचे आजोबा पत्ते घेऊन आले आणि घरची लेक व जावई यांना धरून चौघांचा 'कूयॉन'चा डाव मांडला गेला. हा खेळही बेल्जियमहून आलेला. हुकूम ठरला, पहिला हात उचलला गेला, आणि दोन्ही म्हाताऱ्यांची चेष्टामस्करी, दटावणी, चुकीच्या पानावरून झालेली खडाजंगी अस्खलित वालूनमध्ये अशी सुरू झाली की आवाज फाटू नये म्हणून मला यंत्राची पातळी घाईघाईने कमी करावी लागली.

साठीतल्या लेकीला त्यातला प्रत्येक टोमणा कळत होता, ती नेमक्या जागी हसतही होती. उत्तर मात्र दर वेळी इंग्रजीतच देत होती. आजोबा म्हणाले, "आम्ही शाळेत जे सोसलं, ते पोरांच्या वाट्याला नको होतं, म्हणून त्यांच्याशी इंग्रजीच बोललो." भाषा मोडल्याचा ठपका अशा आईबापांवर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मुलाला मार बसू नये एवढेच त्यांना हवे होते, आणि पुढे शेते सोडून मुले ग्रीन बे शहराकडे नोकरीला गेल्यावर बांधावरचा शेजारीही राहिला नाही.

शब्दांच्या याद्या वाचून दाखवण्याऐवजी ध्वनिमुद्रणासाठी डावच मांडावेत आणि लेकीच्या पिढीलाही त्यात बसवावे, असे मी प्रकल्पप्रमुखांना कळवले. ही पिढी बोलत नसली तरी तिला वालून कळते, आणि तिच्या मुलांना तेवढीही कळत नाही.