वेठीला धरलेला शिमोन

अण्णाच्या डाव्या हातात, मनगटाच्या जरा वर, कातडीखाली काहीतरी सतत थरथरत असतं. रोज रात्री निजण्याआधी मी तिथे दोन बोटं टेकवतो. थरथर लागली की दिवा मालवतो. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून तिथे फिस्टुला केलाय. थरथर थांबली तर आत गाठ झाली समजायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा, असं सिस्टरांनी पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर बीपी बघू द्यायचं नाही, तो उशाला घेऊन झोपायचं नाही. दीड वर्ष होत आलं.

त्याआधी अकरा वर्षं मी अण्णाशी बोललो नव्हतो.

भांडण घराचं. वडील गेल्यावर नगर जिल्ह्यातलं आमचं घर आणि मागचं पाऊण एकर त्याने मला न विचारता विकलं. आईच्या मातीला मी कबरीच्या एका अंगाला उभा, तो दुसऱ्या. मूठभर माती टाकली आणि संध्याकाळच्या एसटीने पुण्याला आलो. वहिनी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नाही. मग एका मंगळवारी कंपनीत फोन आला. "तुम्ही यांचे भाऊ ना? नातेवाईकाची सही लागेल." मी जाऊन सही केली. प्रेमाने नाही केली. दुसरं कोणी नव्हतं म्हणून केली.

हे लिहायचं कारण, चर्चमधली उपासना सुटल्यावर मंडळीतली माणसं माझा हात धरून म्हणतात, "भावासाठी किती त्याग करतोस!" कोणी म्हणतं, "प्रत्येकाला आपापला क्रूस असतो, देवाने तुला हा दिलाय." मायेनेच म्हणतात. पण ते ऐकलं की माझी मान खाली जाते.

आम्ही मुंढव्यात राहतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे रिक्षाने हडपसरला जायचं, चार तास मशीन, मग परत. कंपनीत त्या दिवसांची दुसरी पाळी मागून घेतलीय. पुण्यात १८९७ साली प्लेग होता, तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या बाजूला त्यांच्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रिक्षात अण्णाचं डोकं माझ्या खांद्यावर कलतं तेव्हा हटकून त्यांची आठवण होते. त्यांना कोणी सही मागितली नव्हती. आपण होऊन वाकल्या आणि पोराला पाठीवर घेतलं. प्रीती म्हणतात ती ही, असं मला वाटायचं, आणि मग माझ्याकडे जे आहे ते काय, हे कळायचं नाही.

गेल्या उपवासकाळात, इस्टरच्या आधी, बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान वाचत होतो. पंधराव्या अध्यायात एकच ओळ आहे. शिमोन कुरेनेकर रानातून येत होता, जवळून चालला होता, आणि येशूचा वधस्तंभ वाहायला त्याला शिपायांनी वेठीस धरलं. लहानपणापासून ऐकलेली ओळ. त्या दिवशी मात्र मी 'वेठीस' ह्या शब्दाशी अडलो. कुरेने म्हणजे आजच्या लिबियातलं गाव. एवढ्या लांबचा माणूस. त्याचा ह्या खटल्याशी काही संबंध नाही. रोमी शिपाई कोणालाही पकडून ओझं वाहायला लावू शकत, तसं त्याला लावलं. मूळ ग्रीक शब्दही त्याच अर्थाचा आहे. इराणी बादशहांच्या डाकेसाठी माणसं-जनावरं धरून न्यायचे, तिथून तो आला.

माझ्या आजोबांना हा शब्द कोणाला विचारावा लागला नसता. महारकीची वेठ त्यांनी पाहिलेली. अंमलदार आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं, मोबदला मागायचा नाही. आमच्या घरात सांगतात, बाप्तिस्मा घेतल्यावर आजोबांनी पहिलं काही केलं असेल तर ओझं उचलायला नकार दिला आणि मार खाल्ला. त्यामुळे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं 'वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा' हे वचन आमच्या घरात कोणी सहज उच्चारत नसे. वेठ हा अन्यायच. तिला पुण्यकर्म म्हणणं म्हणजे आजोबांच्या पाठीवरचे वळ पुसणं.

म्हणून मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि तिथे मला जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. वेठीला धरणारा देव नव्हता. धरणारे शिपाई होते. देव होता तो पुढे, रक्तबंबाळ. ओझं त्याचं होतं. लोक म्हणतात देवाने तुला हा क्रूस दिला. मला आता तसं म्हणवत नाही. किडन्या देवाने निकामी केल्या असं मी मानत नाही. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने केल्या, आणि अण्णाने गोळ्या सोडून दिल्या होत्या. मला देव शोधायचा असेल तर सही मागणाऱ्या फोनमध्ये नाही, त्या खाटेवरच्या माणसात शोधावा लागेल. माझं घर विकणाऱ्या माणसात. हे पटायला मला खूप दिवस लागले.

शिमोनने लाकूड वाहिलं. खिळे मात्र त्याला वाटून घेता आले नाहीत. अण्णाच्या हातात दर वेळी दोन जाड सुया जातात, एकीतून रक्त मशीनकडे, दुसरीतून परत. सुरुवातीला मी खिडकीकडे बघायचो. आता बघतो त्याच्या तोंडाकडे. माझ्या हातात असते फक्त पिशवी. बायबलमधल्या ईयोबावर सगळी संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले होते, तोवर ते बरोबर होते, तोंड उघडल्यावर चुकले. चार तास मीही गप्प बसतो.

सगळ्यांत अवघड आहे ते पाणी. डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली ठरवून दिलंय, त्यात चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोट आला. एका वहीत सगळं लिहायचं. 'मी तान्हेला होतो आणि तुम्ही मला पाणी दिलं' हे ज्या धर्मात मुक्तीचं माप आहे, त्या धर्मातला मी, भाऊ पाणी मागतो आणि मी नाही म्हणतो. एप्रिलमध्ये त्याची जीभ टाळूला चिकटते. "एक घोट दे रे." "नाही अण्णा." माठ मी आतल्या खोलीत ठेवला, आणि त्याला दिसू नये म्हणून पाणीही तिथेच, दाराआड उभा राहून प्यायचो.

यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी डायलिसिस आटोपून, अण्णाला माझ्या बायकोच्या हवाली करून, मी बारा ते तीनच्या उपासनेला गेलो. क्रूसावरचे सात उद्गार. पाचवा आला, "मला तहान लागली आहे." पाळकसाहेब पुढे काय बोलले ते मला सांगता येणार नाही. आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला तो स्पंज तेवढा डोळ्यांपुढे राहिला. कोणीतरी धावत जाऊन तो काठीवर लावून वर केला होता.

रात्री मी दाराआड तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात अण्णा बाहेरून म्हणाला, "इकडे येऊन पी."

मला वाटलं चिडलाय. तांब्या घेऊन बाहेर आलो.

"रोज चोरून पितोस, कळतं मला. माझ्यापायी तू कोरडा राहू नको. इथं बस, पी. घटघट आवाज आला की बरं वाटतं मला."

मी त्याच्या खाटेजवळ बसलो आणि प्यायलो. तो बघत होता. मग फ्रीजमधून बर्फाचा एक खडा आणून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो गालात धरला आणि डोळे मिटले. मी वही काढून वीस मिली लिहिलं, आणि त्याच्या मनगटाच्या वर दोन बोटं टेकवली.