ऊस पुढं, आम्ही मागं

कणकवलीला मावसभावाच्या पोरीचा साखरपुडा होता, दुपारी साडेबाराचा. कोल्हापुरातनं राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत गेलं तर शे-सव्वाशे किलोमीटर, म्हणून रंकाळ्यावरनं साडेआठला निघालो आणि बायकोला म्हटलं पण, लवकर पोचून उगंच खुर्च्या लावायला लागतील बघ. जानेवारी महिना आहे हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे कॅलेंडरवर बघितलेलं, पण पुण्यात राहून राहून जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम हे विसरायला झालंय.

हळदीच्या अलीकडंच पहिला गाठ पडला. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की समोरचं आभाळ पण बाजूनंच दिसावं. वेग असेल 15 चा, चढ आला की 10. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं की काय एवढं, हॉर्न मारायचा आणि काढायची गाडी. मारा की. ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर, त्याच्यावर हलगीच्या ठेक्याचं गाणं, तुमचा हॉर्न त्याला जन्मात ऐकू येत नाही. आरसा असतो तो स्वतःचं तोंड दिसेल असा वळवलेला. आणि काढायची म्हणजे एक नाही, ट्रॅक्टर धरून तीन गाड्यांची लांबी काढायची, त्यातली शेवटची ट्रॉली डुलत असते, उसाची टोकं दोन्हीकडनं हातभर बाहेर आलेली, आणि साईडपट्टी खचलेली, एक चाक खाली गेलं की गाडीचं पोट घासलंच. तेवढ्यातनं हिंमत करून बाहेर तोंड काढलं की समोरनं एसटी. परत मागं. असं चारदा झालं, पाचव्यांदा निघालो, आणि पुढं बघतोय तर दुसरा. त्याच्यापुढं तिसरा.

मी दोन-चार शिव्या तोंडात तयार केल्या होत्या पण मागच्या सीटवर आई. ती ट्रॉलीकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "ह्यांचा बी तुटला बघ. आपला कधी तुटायचा?"

आमचा वीस गुंठे आहे. आडसाली, म्हणजे दीड वर्ष रानात उभा आहे, तुरा आलाय, वजन रोज घटतंय आणि चुलतभाऊ चिटबॉयला, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, फोन करून करून थकला. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते. म्हणजे पुढचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून मी तोंड वाकडं करतोय आणि तिकडं घरात सगळे देव पाण्यात घालून बसलेत की असाच एक ट्रॅक्टर आमच्या बांधावर यावा. शिव्या गिळल्या.

परितेच्या आसपास मला हुशारी सुचली, मेन रोड सोडून राशिवड्याच्या बाजूनं आतनं काढू. मॅप पण निळी रेघ दाखवत होता. दोन किलोमीटरमध्ये कळलं की आतल्या रस्त्याला एकच गाडी मावते आणि तिथं बैलगाड्या पण आहेत. ऊस काय मेन रोडवर उगवतो का, तो येणार आतनंच की! एका ठिकाणी तर रानातनं वर येताना ट्रॅक्टरची पुढची चाकंच उचलली, मग बॉनेटवर दोन माणसं बसवली, मग दुसरा ट्रॅक्टर ओढायला आला. अर्धा तास. गाडी बंद करून मी उतरलो.

मागं थांबलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पोरगाच होता, डोळे तांबारलेले. मी म्हटलं, "दादा, जरा साईड देत चला की, मागं दहा-दहा गाड्या साठतात." तर म्हणाला, "पावणं, साईडला घिऊ कुटं? वीस टन हाय. पट्टी खाली उतारलो की ट्रॉली पलटी. आन् थांबलो की नंबर जातोय." रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायचा, यार्डात तिथंच झोपायचं, गव्हाणीत, म्हणजे ऊस कारखान्यात टाकतात तिथं, ट्रॉली रिकामी करून परत रानात. तोडलेला ऊस ठेवला की वाळतो, वजन पण जातं आणि साखरेचा उतारा पण, त्यामुळं घाई सगळ्यांनाच आहे, फक्त घाईचा वेग 15 आहे. गाणं एवढं मोठ्यानं कशाला विचारलं तर हसला. "न्हाईतर झोप लागती."

ते पटलं. पण मागं साधा लाल रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, हे कसं पटवून घ्यायचं? अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळल्याची बातमी दर हंगामात वाचतो आपण. वीस टनाला वीस रुपयाचा रिफ्लेक्टर जड होतो का? हे पण बोललो त्याला. "मालकाला सांगा," म्हणाला, आणि माझ्या पोराकडं बघून ट्रॉलीतनं दोन कांड्या ओढून दिल्या. लांबच लांब. काच खाली करून बाहेर काढून ठेवायला लागल्या.

राधानगरीला पोचलो तेव्हा पावणेबारा. पोराला धरण दाखवायचं होतं, सात दरवाजे आपोआप कसे उघडतात ते सांगायचं होतं, ते राहिलंच. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, महाराज 1922 ला गेले, धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. ते पाणी भोगावतीत आलं नसतं तर मघाचा एवढा ऊस पण नसता, असं आई म्हणाली. मी काही बोललो नाही, मी घड्याळ बघत होतो.

दाजीपूरचं जंगल लागलं आणि ऊस संपला, रस्ता मोकळा. घाटात मात्र चिऱ्याचा ट्रक.

कार्यालयात शिरलो तेव्हा दोन वाजून गेलेले, पंगत उठत होती. मावसभावानं हातातला रिकामा पेढ्याचा बॉक्स दाखवला. "साखरपुडा झाला रे, साखर पण संपली. तुम्ही काय आणलं?"

पोरानं कांड्या पुढं केल्या.