मेमरी असताना फायबर कशाला?

आमच्या प्रयोगशाळेत येणारा जवळजवळ प्रत्येक जण टेबलावरच्या रिळाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "मायक्रोवेव्ह सिग्नल थोडा वेळ अडकवून ठेवायचा तर तो डिजिटल करून मेमरीत टाकता येतो ना? मग ही 20 किलोमीटर फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची, गुंडाळी अजून कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मायक्रोवेव्ह लहर मुक्कामाला थांबत नाही. तिला साठवायचं म्हणजे चालतं ठेवायचं, फक्त वाट लांब करायची. रडारच्या चाचणीत 15 किलोमीटरवर लक्ष्य आहे असं भासवायचं तर पल्स, म्हणजे रडारने सोडलेला लहरीचा छोटा झटका, 100 मायक्रोसेकंद अडकवून ठेवावी लागते. साध्या कोअ‍ॅक्शियल केबलचं हे काम नव्हे. 10 गिगाहर्ट्झला ती मीटरमागे साधारण एक डेसिबल (सिग्नल किती क्षीण झाला याचं माप) खाते आणि एका मायक्रोसेकंदालाच 200 मीटर केबल लागते. म्हणून तोच सिग्नल लेझरवर चढवून काचेतून पाठवायचा. तिथे किलोमीटरमागे जेमतेम 0.2 डेसिबल जातात, 20 किलोमीटरला 4. (डिटेक्टरमधून बाहेर पडताना प्रकाशातल्या या 4 चे विद्युत सिग्नलमध्ये 8 होतात, नवीन मंडळी हा हिशेब हमखास चुकतात.) थोडाच विलंब हवा असेल तर लहरीचा ध्वनी करून स्फटिकात सोडतात. तिथे वेग इतका उतरतो की नखाएवढ्या तुकड्यात एखादा मायक्रोसेकंद मावतो.

काचेचा दोष मला रोज दिसतो. तापमान एक अंशाने वाढलं की किलोमीटरमागे विलंब सुमारे 40 पिकोसेकंदांनी वाढतो. 20 किलोमीटरला 800, म्हणजे 10 गिगाहर्ट्झची आठ पूर्ण आवर्तनं. खोलीतला एसी सुरू झाला की स्क्रीनवरचा फेज, म्हणजे लहर आवर्तनात कुठे आहे ती जागा, डोळ्यांदेखत सरकू लागतो. शिवाय रिळाची लांबी ठरलेली. जास्त वेळ हवा म्हणून सिग्नल वळवून पुन्हा आत सोडला, तर प्रत्येक फेरीत अ‍ॅम्प्लिफायर आपला गोंगाट मिसळतो, आणि गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, जराही जास्त झाला की ते वेटोळं बाहेरून काही न देता स्वतःच ऑसिलेट होऊ लागतं.

हे सगळं डिजिटलमध्ये सुटतं. सिग्नल खालच्या फ्रीक्वेन्सीवर आणायचा, नमुने घेऊन मेमरीत ठेवायचे आणि हवं तेव्हा त्याच लोकल ऑसिलेटरने (फ्रीक्वेन्सी खाली-वर करायला मिसळायची स्थिर लहर) पुन्हा वर न्यायचे. कितीही वेळ ठेवा, विलंब हवा तसा बदला, डॉप्लर, म्हणजे हलत्या वस्तूमुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक, मिसळून लक्ष्य पळतं करा. पण थेट 10 गिगाहर्ट्झवर नमुने घेताना क्लॉक एका पिकोसेकंदाने जरी डळमळला, तरी सिग्नल आणि गोंगाट यांत 24 डेसिबलचंच अंतर उरतं, म्हणजे जेमतेम चार बिट. खाली आणून घेतलं तर बँडविड्थला, म्हणजे एकावेळी टिपता येणाऱ्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्याला, कात्री लागते, आणि क्वांटायझेशनमुळे (प्रत्येक नमुना ठरावीक पायऱ्यांच्या आकड्यांत बसवल्यामुळे) खऱ्या सिग्नलशेजारी स्पर, म्हणजे खोटे सिग्नल, उगवतात ते वेगळेच.

लक्ष्य हलतं हवं असेल तेव्हा मी बेधडक डिजिटल वापरते. पण मेमरीतून निघालेल्या पल्सचा चेहरा बदलला की काय, हे बघायला शेजारी याच रिळातून आलेली पल्स लावते. काच नमुने घेत नाही. जे आत गेलं तेच, थोडं मंदावून, बाहेर येतं.