तुम्ही विचारलंत म्हणून: मग दिसत का नाही?

इतकी वर्षं जिमला जातोस, मग अंगावर दिसत का नाही? इथे इंदुरात रामबागेतल्या काकू विचारतात, ऑफिसातले सगळे भिया (आमच्याकडचे ‘भाऊ’) विचारतात, आणि लग्नकार्यात तर लोक न विचारता थेट दंडच चाचपून बघतात. एकदाच नीट सांगतो.

‘खात नसशील’ हे पहिलं निदान. खातो हो. माझं वजन ६० किलो. शरीराच्या किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, त्यापुढे स्नायूंना फारसा फायदा दिसत नाही, असं २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासून निघालं होतं. म्हणजे मला ९६ ग्रॅम. पोह्यांवर कितीही शेव-जिरावण (आमचा इंदुरी मसाला) घाला, प्लेटीमागे चार-पाच ग्रॅमच्या वर जात नाही. वाटीभर वरणाचे सहा-सात. उरलेले दूध, पनीर, व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आणि सोयाबीनच्या वड्यांतून गोळा करतो. (वड्यांत वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं. माळव्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, आणि बहुतेक घरांत येतं ते फक्त त्याचं तेल. असो.)

‘मग व्यायाम चुकत असेल.’ १२० किलोची डेडलिफ्ट मारतो, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभा राहतो, माझ्या वजनाच्या दुप्पट. सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावते म्हणून, हे खरं. पण इथवर नुसत्या सरावाने कुणी येत नाही. स्नायू वाढलाय. माझ्या लांबच लांब हाडांवर तो पसरलाय, एवढंच.

२००५ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. ५८५ जणांकडून १२ आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम करून घेतला. कुणाचा दंडाचा स्नायू ५९ टक्के वाढला, कुणाचा दोन टक्के घटला. हा आकडा मी सगळ्यांच्या तोंडावर फेकतो. कंटाळा आला म्हणून शेवटचा सेट सोडतो तेव्हाही मला नेमका हाच आकडा आठवतो, हेही सांगून टाकतो.

आता खरं कारण, ज्यामुळे मी या प्रश्नावर इतका चिडतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदुरातली रंगांची मिरवणूक. राजवाड्याकडे जाणारी गर्दी, मशिनीतून उडालेला गुलाल चौथ्या मजल्यापर्यंत, आणि शर्ट फाडाफाडी सुरू. त्यात नवं काही नाही, सगळे जुनेच कपडे घालून जातात. माझा शर्ट मावसभावाने फाडला. मग दोघांनी माझे हात धरून वर केले आणि तो ओरडला, “बघा रे, आमचे जिमवाले! बेटकुळी काढ!” मागून कोणीतरी म्हणालं, “फीस वापस ले ले, भिया!” सगळे हसले. मीही हसलो. हात सुटल्यावर मी ते छातीशी घट्ट बांधून घेतले, टँकरच्या पाण्याने थंडी वाजतेय असं दाखवत. इंदुरात, मार्चमध्ये, भर दुपारी. बायको समोरच्या गच्चीत होती, तिने सगळं पाहिलं. घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही, रंग काढायला तेलाची वाटी पुढे ठेवली. मावसभावाचा राग दोन दिवसांत गेला. त्या वाटीचा बरेच दिवस गेला नाही, आणि त्यात तिचा काय दोष हे मला अजून सांगता येत नाही.

तोवर मी छातीठोकपणे म्हणायचो, ‘मी तब्येतीसाठी करतो, दिसण्यासाठी नाही.’ त्या माणसाला आज विचारावंसं वाटतं, मग आरशासमोरचंच बेंच का पकडायचास? तो म्हणेल, फॉर्म तपासायला. तेही खोटं नाही. पाठ वाकली की कळते.

त्याच आठवड्यात मी जिममधल्या एका ट्रेनरला गाठलं. तो म्हणाला, “नेचुरल में इत्ताच होगा, भिया,” आणि फोनवर कोर्सचा भाव दाखवला. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. पैसे खिशात होते. मी घेतलं नाही, आणि हे सांगितलं की लोक वाहवा करतात. कृपया करू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं आवरतं घेतं आणि शुक्रजंतू घटतात. आम्हाला तेव्हा मूल हवं होतं. संयम, तत्त्व वगैरे काही मध्ये आलं नाही. हृदयाचं, कोलेस्टेरॉलचं मी नंतर वाचलं, आणि तेव्हापासून विचारणाऱ्यांना तेच आधी सांगतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

मुलगी आता बालवाडीत जाते. तो ट्रेनर अजून त्याच जिममध्ये आहे, आणि मी जिम बदललेली नाही. घराजवळ आहे, फी परवडते, स्क्वॉटचा रॅक सकाळी रिकामा मिळतो. ही कारणं पुरेशी आहेत असं मी बायकोला सांगितलंय.