दोन रकाने, चार रूपं

पुण्यात बसून मी परदेशी ॲप्समध्ये भाषांतरं बसवतो. भाषांतर माझं नसतं, ते त्या त्या देशातून येतं. फाईल नीट चढली का, बटणावर मजकूर मावतो का आणि आकड्यापुढचा शब्द बरोबर येतो का, हे मी बघतो. यातलं शेवटचं सगळ्यात कटकटीचं.

परवा स्लोव्हेनियनची फाईल चढेचना. ॲप जोडप्यांसाठी आहे, दोघांची मिळून खरेदीची यादी. क्लायंटने आकड्यांची व्यवस्था स्वतःच लिहिलेली, तिच्यात रकाने दोनच: 'एक' आणि 'बाकी'. ल्युब्लियानाच्या (स्लोव्हेनियाची राजधानी) अनुवादक बाईंनी मात्र ओळीमागे चार रूपं पाठवलेली, आणि बरोबर पाठवलेली. एक 'इझ्देलेक' (वस्तू), दोन 'इझ्देल्का', तीन-चार 'इझ्देल्की', पाचपासून 'इझ्देल्कोव'. बरं, 'आकडा २ असेल तर' एवढी अट टाकूनही भागत नाही. शंभराने भागून जी बाकी उरते तिच्यावर रूप ठरतं. म्हणजे १०१ ला पुन्हा एकवचन, १०२ ला द्विवचन. हे सगळे नियम युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये, म्हणजे भाषाभाषांच्या नियमांच्या खुल्या संग्रहात, तयार आहेत, फुकट आहेत. तरी दर दुसऱ्या कंपनीला स्वतःचं काहीतरी लिहायची हौस.

क्लायंटच्या मॅनेजरची मेल आली: द्विवचन काढा, दोनलाही अनेकवचन चालवा. सोबत त्यांच्या टेस्टरची नोंद जोडलेली, की आमच्याकडे दोन नासपतींना अनेकवचनी 'द्वे ह्रुश्के'च म्हणतात. प्रमाण भाषेत ते द्विवचनी 'द्वे ह्रुश्की'. टेस्टर स्लोव्हेनियाच्या पश्चिमेकडचा, प्रिमोर्स्का भागातला.

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तो खोटं सांगत नाहीये. तिकडच्या बऱ्याच बोलींत स्त्रीलिंगी द्विवचन अनेकवचनात मिसळून गेलंय. तेनिएर नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच स्लोव्हेनियन द्विवचनाचे नकाशे छापले होते. पुल्लिंगी द्विवचन त्यामानाने टिकून आहे, आणि लिहिताना दोन्ही लागतात. टेस्टरला विचारलं होतं 'तुम्ही कसं बोलता', आणि उत्तर लावलं लिखाणाला. मॅनेजर लोकांना सोयीचा साक्षीदार बरोबर सापडतो.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना वाटेल की द्विवचन आपल्याला ठाऊक आहे: नेत्रे, हस्तौ, पितरौ. इथे नेमकं उलटं. डोळे, हात, बूट, आई-वडील यांना स्लोव्हेनियनमध्ये एरवी अनेकवचनच. 'दोन' किंवा 'दोन्ही' असं मुद्दाम म्हटलं तरच द्विवचन. आपल्याकडे 'दोघे', 'दोघी' म्हणून काम होतं, क्रियापद अनेकवचनी राहतं. तिथे 'मिद्वा' (आम्ही दोघे) किंवा 'मिद्वे' (आम्ही दोघी) म्हटलं की क्रियापदही बदलतं.

शेवटी तोड बाईंनीच काढली, नाखुशीने. 'इझ्देलेक' सोडून 'स्त्वार' (गोष्ट) घ्यायचा. याचं दोनला, तीनला, पाचला, सगळीकडे 'स्त्वारी'च होतं. फक्त क्रियापद गाळायचं, कारण ते लगेच चुगली करतं: दोन उरल्या तर 'ओस्तानेता', तीन उरल्या तर 'ओस्तानेयो', पाच उरल्या तर 'ओस्ताने'. म्हणून नुसतं 'शे २ स्त्वारी', अजून २ गोष्टी. दोन रकान्यांत चपखल बसलं. १०१ ला चुकेल, पण किराण्याच्या यादीत १०१ गोष्टी कोण लिहितंय! असली कारागिरी कुठल्याही रिपोर्टात दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

इथपर्यंत ठीक होतं. पण पहिल्या स्क्रीनवर 'तुम्हा दोघांची यादी' अशी ओळ आहे. तिथे बाईंनी 'वायिन' लिहिलं होतं, म्हणजे 'तुम्हा दोघांचं'. दोघे असोत, दोघी असोत, शब्द तोच. ओळीत आकडा नाही, रकान्यांचा प्रश्न नाही, एका पैशाचा खर्च नाही. मॅनेजरने तिथेही 'वाश' करून घेतलं. 'वाश' म्हणजे तुम्हा सगळ्यांचं, किंवा अनोळखी एकट्या माणसाला आदराने 'आपलं'. नवरा-बायकोच्या ॲपमध्ये! कारण विचारलं तर उत्तर आलं, 'सगळीकडे एकसारखं हवं.'

बाईंनी वाद घातला नाही. त्यांना शब्दांमागे पैसे मिळतात, भांडणामागे नाही. मला पगार आहे, म्हणून ते तिकीट (दुरुस्तीची नोंद) मी पुन्हा उघडलंय. सध्या त्यावर 'लो प्रायॉरिटी' लागलीय.