जाळीची डिश आणि पोकळी नसलेला तारा

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावला आत वळून खोडदच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पहिली डिश दिसते. मग दुसरी. मग शेतांच्या पलीकडे तिसरी, अगदी छोटी झालेली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली जीएमआरटी. या 30 डिश मिळून ती एकच दुर्बीण आहे. प्रत्येक डिशचा व्यास 45 मीटर. 14 डिश मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात आहेत आणि उरलेल्या 16 तीन दिशांना गेलेल्या तीन भुजांवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसारा सुमारे 25 किलोमीटरचा.

हा 25 किलोमीटरचा आकडा माझ्या डोक्यात प्रवासभर घोळत होता, कारण न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यासही जवळपास तेवढाच असतो, 20 ते 25 किलोमीटर. म्हणजे ज्या पट्ट्यातून आमची गाडी चालली होती, तेवढ्या जागेत एक अख्खा तारा मावतो, आणि त्याचं वस्तुमान आपल्या सूर्याच्या दीडपटीच्या आसपास असतं. पुस्तकात हे वाचताना फारसं काही वाटत नाही. एका भुजेवरच्या शेवटच्या डिशपासून मधल्या चौकापर्यंत गाडीने यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, की मग वाटतं.

फाटकापाशी मोबाइल बंद करायला सांगतात. नुसता सायलेंटवर टाकून चालत नाही, पूर्ण बंद. ते योग्यच आहे. चालू मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला, तरी रेडिओ आकाशात तो सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक ठरेल, इतके इथे पकडायचे संकेत क्षीण असतात. मग तो इथे, डिशच्या पायथ्याशी, खिशात चालू असला तर काय होईल!

आम्हाला एका डिशच्या अगदी खाली नेलं. वर पाहिलं आणि पहिल्यांदा डिश दिसलीच नाही, आकाश दिसलं. डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची ती जाळी आहे. मध्यावर तिच्या चौकटी बारीक, सेंटिमीटरभराच्या, आणि कडेला गेलं की त्याच्या दुप्पट. स्टीलच्या दोरांच्या ताणावर ती जाळी अशी ओढून धरली आहे की सपाट तुकड्यांतूनच वाडग्यासारखी खोलगट वक्रता तयार होते. वारा आरपार जातो. म्हणूनच एवढी मोठी डिश इतक्या कमी लोखंडात उभी राहू शकली. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. या दुर्बिणीमागची दृष्टी आणि जिद्दही त्यांचीच. मोठी उपकरणं उभी करायला प्रचंड खर्चच करावा लागतो, असं मानणाऱ्या प्रत्येकाने या जाळीखाली एकदा उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

एवढी भोकं असताना डिश लहरी परावर्तित कशी करते? रेडिओ लहरीच्या लांबीपुढे ही भोकं किरकोळ असतात. इथे वीस सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत लांबीच्या लहरी टिपल्या जातात. तेवढ्या लांब लहरीसाठी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चौकट म्हणजे अखंड पत्राच. आपल्या डोळ्यांना लागणारा प्रकाश मात्र सरळ निघून जातो.

त्या जाळीखाली उभं असतानाच न्यूट्रॉन तारा मला नीट समजला असं म्हणेन. आपल्याला घट्ट वाटणारी प्रत्येक वस्तू आतून अशीच पोकळ आहे. अणूचा व्यास त्याच्या केंद्रकाच्या व्यासाच्या साधारण लाखपट असतो. मधल्या जागेत इलेक्ट्रॉन आणि बाकी रिकामपण. लोखंड, खडक, आपलं शरीर, सगळं या रिकामपणावर उभं आहे. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याचं इंधन संपतं तेव्हा त्याचा लोखंडाचा गाभा स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो आणि ही पोकळी नाहीशी होते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात, त्यातून न्यूट्रॉन बनतात आणि न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निसटतात. बाहेरचे थर सुपरनोव्हाच्या स्फोटात उधळले जातात. मागे उरतो तो न्यूट्रॉनांचा गोळा. त्याच्या एका घन सेंटिमीटरचं वजन चाळीसेक कोटी टन.

पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शंभर अब्जपटीहून जास्त. तिथे मीटरभर उंचीवरून सोडलेली वस्तू खाली पोहोचेपर्यंत सेकंदाला दीड हजार किलोमीटरहून जास्त वेग घेईल. वरचं कवच लोखंडासारख्या अणुकेंद्रकांचं. खाली जावं तशी केंद्रकांत न्यूट्रॉनांची गर्दी वाढत जाते, पुढे ते केंद्रकांत मावेनासे होऊन बाहेर येतात आणि घर्षण नसलेल्या अतिप्रवाही द्रवासारखे वागतात. सुटा न्यूट्रॉन इथे पृथ्वीवर पंधरा मिनिटांच्या आसपास विघटित होतो, तिथे तो टिकून राहतो, कारण विघटनातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला जायला जागाच शिल्लक नसते.

हे सगळं आधी कागदावर होतं. चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर श्वेतबटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपल्यावर उरलेल्या लहान, घट्ट ताऱ्याच्या, वस्तुमानाला मर्यादा असते हे गणित मांडलं. 1932 मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. 1934 मध्ये बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं की सुपरनोव्हातून न्यूट्रॉनांचा तारा जन्मत असावा. पुढची तीसेक वर्षं तो तारा कुणाला दिसला नाही. आणि मग 1967 मध्ये केंब्रिजजवळच्या एका शेतवजा मैदानात, खांब आणि तारांनी उभारलेल्या दुर्बिणीवर, जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला कागदाच्या पट्टीवर एक खरखरीत रेघ दिसली.

मला या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते तिचं वाचन. रोज तीसेक मीटर कागद बाहेर पडायचा आणि ती तो हाताने तपासायची. ती रेघ दररोज चार मिनिटं आधी येत होती, म्हणजे ती घड्याळाच्या दिवसाशी नाही तर ताऱ्यांच्या दिवसाशी बांधलेली होती. एखाद्या वाहनाचा किंवा यंत्राचा तो गोंगाट असता तर असं झालं नसतं. 28 नोव्हेंबर 1967 रोजी कागद वेगाने पळवून नोंद घेतली तेव्हा त्या रेघेचे सुटे स्पंद दिसले, दर 1.337 सेकंदाला एक. परग्रहावरच्या कुणाचा संदेश असेल का, ही शंकाही चर्चेत आली. पण आकाशाच्या दुसऱ्याच भागात तिने असाच दुसरा स्रोत शोधला आणि ती शंका मिटली. असे स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांना पुढे पल्सार म्हणू लागले. 1974 चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. माझ्या मते तो अन्याय होता. 2018 मध्ये तिला ब्रेकथ्रू पुरस्काराचे तीस लाख डॉलर मिळाले, तेव्हा तिने ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या, संधी न मिळालेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

आम्ही नियंत्रण कक्षात पोहोचलो तेव्हा दुपार उतरत होती. रेडिओ दुर्बिणीला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. डिश उत्तरेकडे तोंड करून होत्या आणि पडद्यावर बी0329+54 नावाचा पल्सार होता, उत्तर आकाशातला सर्वांत तेजस्वी. त्याचा आवर्तकाल, म्हणजे दोन स्पंदांमधला वेळ, 0.714 सेकंद. तिथल्या संशोधिकेने आधी सुटे स्पंद दाखवले. मी घड्याळाच्या टिकटिकीसारखं काहीतरी एकसारखं अपेक्षित धरून होतो. पडद्यावर मात्र एक स्पंद उंच, पुढचा बुटका, एक डावीकडे सरकलेला, एखादा जवळजवळ गायबच. दोन स्पंद सारखे नव्हते. मग तिने शेकडो स्पंद एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली आणि हळूहळू एक आकृती ठरली: मधे उंच सुळका, दोन्ही बाजूंना दोन लहान उंचवटे. "ही या ताऱ्याची सही," ती म्हणाली. "उद्या बघा, पुढच्या वर्षी बघा, बहुतेक वेळा हीच दिसेल."

असं का होतं, तेही तिने सांगितलं. तारा स्वतः धडधडत नसतो, फिरत असतो. कोसळताना गाभ्याचा आकार कैक पटींनी कमी होतो तसा फिरण्याचा वेग प्रचंड वाढतो, आणि त्याच आकुंचनात चुंबकीय क्षेत्रही दाटत जाऊन पृथ्वीच्या लाख कोटी पटींपर्यंत पोहोचतं. चुंबकीय ध्रुव फिरण्याच्या अक्षापासून कललेले असतात. ध्रुवांवरून निघणारा रेडिओ झोत दीपगृहाच्या प्रकाशासारखा आकाशात फिरतो आणि तो आपल्यावरून जातो तेवढ्या क्षणी आपल्याला स्पंद मिळतो. ज्यांचा झोत आपल्याकडे कधीच वळत नाही असे कितीतरी पल्सार आपल्या आकाशगंगेत असणारच. झोत तयार होण्याची प्रक्रिया क्षणाक्षणाला बदलते म्हणून स्पंद वेगवेगळे. फिरणं मात्र जवळजवळ बदलत नाही, म्हणून सरासरी पक्की.

बहुतेक पल्सारांचे सुटे स्पंद दिसतसुद्धा नाहीत. आवर्तकाल अचूक ठाऊक असेल तर नोंदीचे त्या लांबीचे तुकडे करून एकावर एक ठेवायचे. गोंगाट एकमेकांत विरतो आणि स्पंद वर येतो.

त्याच पडद्यावर मला आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. वारंवारता उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर मांडली की स्पंद सरळ उभा न दिसता वाकडा, खाली येता येता मागे ओढलेला दिसतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विखुरलेले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रोखून धरतात, त्यामुळे एकाच क्षणी निघालेल्या लहरींपैकी वरच्या आधी पोहोचतात आणि खालच्या नंतर. तो वाक मोजला की वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले ते कळतं आणि त्यावरून अंतराचा अंदाज येतो. आपण ज्याला रिकामं आकाश म्हणतो ते इतकंही रिकामं नाही, हे त्या एका तिरक्या रेघेत दिसतं.

पल्सार म्हणजेच न्यूट्रॉन तारा हे पक्कं झालं ते क्रॅब तेजोमेघातल्या पल्सारमुळे. चिनी निरीक्षकांनी 1054 मध्ये नोंदवलेल्या सुपरनोव्हाचा हा अवशेष. 1968 मध्ये तिथे सेकंदाला तीस वेळा फिरणारा पल्सार सापडला. श्वेतबटू इतक्या वेगाने फिरला तर तुटून उधळेल, म्हणजे तो उमेदवारच बाद. शिवाय क्रॅबचा आवर्तकाल रोज सुमारे 36 अब्जांश सेकंदांनी वाढतो. हे मंदावणं नगण्य वाटेल, पण त्यात गमावलेली ऊर्जा सूर्याच्या एकूण तेजाच्या लाखपट भरते आणि तो अख्खा तेजोमेघ त्याच ऊर्जेवर उजळलेला आहे.

वेला पल्सार तर मंदावता मंदावता मधेच एकदम किंचित वेग घेतो. हे 1969 मध्ये पहिल्यांदा टिपलं गेलं आणि टिपणाऱ्यांत भारतीय खगोलशास्त्रज्ञ व्ही. राधाकृष्णन होते. कवच मंदावत असतं, आतला अतिप्रवाही द्रव मात्र जुन्याच वेगाने फिरत राहतो, आणि कधीतरी तो आपला जादा वेग अचानक कवचाला देऊन टाकतो. ताऱ्याच्या पोटातली घडामोड बाहेरून घड्याळ लावून कळावी, याचं मला आजही नवल वाटतं.

मग 1982 मध्ये सेकंदाला 642 वेळा फिरणारा पल्सार सापडला. शोधणाऱ्या गटात डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी श्रीनिवास कुलकर्णी होते, आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले. हा तारा इतका वेगवान कसा? राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी उत्तर मांडलं: जुना, मंद झालेला पल्सार जोडीदार ताऱ्याकडून पदार्थ ओढून घेतो आणि त्या पदार्थाबरोबर फिरण्याचा वेगही घेतो. पुढे सेकंदाला 716 वेळा फिरणाराही मिळाला. त्याचा विषुववृत्ताजवळचा पृष्ठभाग प्रकाशाच्या वेगाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास धावतो. जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सारही याच जातीचा. एनजीसी 1851 या गोलाकार तारकागुच्छात असलेला हा पल्सार पाच मिलिसेकंदांत एक फेरी मारतो आणि जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो.

या जातीचे पल्सार इतके नियमित फिरतात की आता त्यांचं जाळंच मोजमापाला वापरलं जातं. दोन महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-दाबणाऱ्या लहरींचा, एक हेलकावा पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागतात. अशी लहर मधून गेली की स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा येतात. भारतीय पल्सार टायमिंग अॅरेचा गट त्यासाठी दर दोनेक आठवड्यांनी खोडदहून ठरावीक पल्सार पाहतो. मघाची ती तिरकी रेघ इथे कळीची ठरते: इलेक्ट्रॉनांमुळे झालेला उशीर नीट वजा केला नाही तर गुरुत्वीय लहरीचा उशीर ओळखू येणार नाही, आणि कमी वारंवारतेला हा उशीर सर्वांत चांगला मोजता येतो, म्हणजे जीएमआरटी जिथे तरबेज आहे तिथेच. जून 2023 मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी एकत्र नोंदींतून अशा लहरींचे पुरावे मांडले, तेव्हा त्यात या जाळीच्या डिशचा वाटा होता.

जायचं असेल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास जा, तेव्हा आवार सर्वांसाठी खुलं असतं. एरवी आधी परवानगी काढावी लागते. आणि पडद्यावर पल्सार लागलेला असेल तर नुसत्या सरासरीवर समाधान मानू नका. सुटे स्पंद दाखवायला सांगा, आणि तो वाकही.